उतारावरचा पूल

साशंक : पूल बांधण्याआधी पुरातत्त्वाची पाहणी हवी, असं तुम्ही म्हणता तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे जुलैतला पाडा येतो. फरशीवरून पाणी चाललंय, शाळा आणि आरोग्य केंद्र पलीकडे आहेत, आणि अलीकडे दिवस भरलेली बाई आहे. पाणी ओसरेपर्यंत थांबायचं, नाहीतर झोळी करून चार माणसांनी कमरेएवढ्या पाण्यातून न्यायचं. डहाणू-तलासरीत सूर्या आणि वरोळी या नद्यांना मिळणाऱ्या ओहोळांवर हे कुणाला नवं नाही. अशा ठिकाणचा ठेंगणा फरशी पूल काढून उंच पूल घ्यायचा ठरतो, तेव्हा अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश एवढ्या पायऱ्या आधीच असतात. वनजमीन लागली तर तिची फाइल वेगळी. त्यात तुम्ही आणखी एक पायरी घालणार. पायरी वाढली की हंगाम जातो, आणि नदीच्या कामात हंगाम म्हणजे वर्ष. दिवाळीनंतर पाणी उतरतं, जूनमध्ये पाऊस लागतो. तेवढ्यात पाया पाण्याच्या वर आला नाही, तर पुढच्या दिवाळीची वाट पाहायची.

आणि वाट पाहण्याची किंमत आपण मोजलेली आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या त्याच्याबरोबर गेल्या. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार माणसं दगावली. डहाणू-तलासरीत तर २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. घरांच्या भिंतींना तडे गेले, लोक थंडीत अंगणात झोपले. अशा जमिनीवर उभा असलेला जुना पूल हा माझ्या लेखी आधी धोका आहे. त्याचं वय नंतर बघू.

आग्रही : त्या बाईला मी पहिल्या ओळीत ठेवतो. माझ्या एखाद्या मागणीपायी तिला आणखी एक पावसाळा थांबावं लागणार असेल, तर ती मागणी चूक आहे, हे आधीच मान्य करतो. पण तुम्ही ज्या जागेबद्दल बोलता तिला आपल्याच भाषेत काय म्हणतात ते बघा. नदी पायी ओलांडता येते त्या जागेला आपण ‘उतार’ म्हणतो. उतार माणसानं केलेला नसतो. पात्रात खडकाचा पाट आडवा आलेला असतो, पाणी पसरतं, उथळ होतं, दोन्ही काठ जरा सौम्य असतात. माणसं, गुरं, गाड्या तिथूनच जातात. मग एक दिवस बांधकाम खातं येतं आणि त्याच खडकावर फरशी टाकतं, कारण पाया आयता मिळतो आणि वाटा तिथंच येऊन मिळालेल्या असतात. पुढे त्या फरशीच्या जागी उंच पूल येतो. म्हणजे आपण पूल बदलतो तेव्हा जिथून माणूस कदाचित हजार वर्षं नदी ओलांडतोय, नेमक्या त्याच जागी पोकलेन लावतो. रानात कुठेही खणलं तर काही सापडण्याची शक्यता थोडी, पण उताराच्या काठावर ती कितीतरी जास्त. माझा सगळा आग्रह एवढ्यावर उभा आहे.

आणि हजार वर्षं हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला १९५५ साली ताम्रपट सापडले, दिनेशचंद्र सरकारांनी ते वाचले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. संजाण मंडलाचा कारभार त्या वेळी मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप, असं अभ्यासक सांगतात. एका ब्राह्मणानं बांधलेल्या देवीच्या मठिकेला या मुसलमान अधिकाऱ्यानं दान दिलं, त्याचा हा पट. त्याच पटात मधुमतीचं पुण्य सांगताना म्हटलंय की त्यानं दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या, आणि संजाणला एक अन्नछत्र घातलं, तिथं साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. लोकांना नदी सुखरूप ओलांडता यावी हे राज्यकर्त्याचं काम आहे, असं या मुलखात अकराशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरलं गेलं. तुम्ही ज्या पुलासाठी भांडता तो त्या नावेचाच वारस आहे.

साशंक : हे ऐकायला मला आवडलं, खोटं सांगत नाही. पण तुमच्याच उदाहरणात माझी शंका दडलेली आहे. ते पट कुठल्या पाहणीत मिळाले? सापडायचं ते सापडतं, आणि ओळखणारा भेटला तर वाचलं जातं. दायमाबादची ती काशाची शिल्पं, बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा, १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना मिळाली. तिथंही कुणी आराखडा आखला नव्हता.

आणि नाव तरी मागे काय ठेवते? लाकूड कुजतं, दोर कुजतो. वरोळीसारखी नदी दर पावसाळ्यात काठ खाते, गाळ टाकते, वाहून नेते. पुलाचा खांब जिथं उभा राहतो तिथं मी बोअर घेतो. वर वाळू-गोटे, खाली काळा पाषाण. हजार वर्षांपूर्वीचं काही त्या गोट्यांत राहिलं असेल, असं नदीच्या पात्रात काम केलेला माणूस मानणार नाही. ठेवा असलाच तर तो दुसरीकडे असेल, आणि पुलाचा दोष नसताना भुर्दंड मात्र पुलाला.

आग्रही : पात्रात काही नाही, हे कबूल. पण तुमच्या कामाचा नकाशा पूर्ण उघडा. पुलाच्या दोन्ही बाजूंना पोहोचरस्ते येतात. पूल उंच, म्हणून भराव उंच, आणि भरावासाठी मुरूम. तो मुरूम जवळच्याच एखाद्या टेकाडावरून येतो, आणि पाणवठ्याजवळचं, पुराच्या वरचं टेकाड हीच तर वस्तीची जुनी जागा असते. काम चालू असेपर्यंत वाहतुकीला वळणरस्ता काढता, तो कुणाच्या तरी बांधावरून जातो. खडी-सिमेंट ठेवायला आणि मजुरांच्या खोपटांना काठावरची सपाट जागा घेता, म्हणजे जुन्या काळी पडाव लागत असेल तिथलीच. खांबाचा खड्डा चार-पाच मीटरचा, पण मुरमासाठी अख्खं टेकाड जातं. आणि मुरूम कुठून आणायचा हे अंदाजपत्रकात अंतराच्या आकड्यापलीकडे क्वचितच असतं. पुलाच्या कामात इतिहास पुसला जातो तो पुलाखाली नाही, मुरमाच्या खाणीत.

संजाणचंच बघा. आज ते गुजरातेत आहे, पण १ मे १९६० पर्यंत उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता, आणि तलासरीची वरोळीच पुढे संजाणला जाते. तिथं खाडीकाठच्या जमिनीत २००२ ते २००४ असे तीन हंगाम उत्खनन झालं. पारशी समाजातल्या एका प्रतिष्ठाननं पुढाकार घेतला, कुरुश दलाल, रुक्षाना नानजी यांच्यासारख्या अभ्यासकांनी खणलं. आठव्या ते तेराव्या शतकातली वस्ती निघाली. पश्चिम आशियातून आलेली फिरोजी झिलईची खापरं, चिनी भांड्यांचे तुकडे, काच. पारशांच्या आगमनाची कथा सांगणारा ‘किस्सा-इ-संजाण’ १५९९ साली लिहिला गेला. त्यात सांगितलेल्या गावाला या खापरांनी जमीन दिली. आता विचार करा, हा माल संजाण बंदरात उतरून तिथंच थांबत नव्हता. तो आत, घाटाकडे जात होता, आणि आतून लाकूड, मध, धान्य बंदराकडे येत असणार. वाट नदीच्या कडेनं. म्हणजे तलासरी आणि त्याच तालुक्यातलं उधवा ज्या वाटांवर आहेत त्याच. तिथल्या एका उतारावर, शेताच्या बांधात, निळ्या झिलईचा एक तुकडा मिळाला तर एका बंदराचा अख्खा पृष्ठप्रदेश आपल्याला दिसू लागेल. आणि तोच तुकडा मुरमाबरोबर डंपरमध्ये गेला तर तो कधी होता हेही कुणाला कळणार नाही.

साशंक : मुरमाचं तुमचं म्हणणं मला लागलं. ते बाजूला ठेवतो, परत येईन त्याच्यावर. आधी कायद्याचं बोलू, कारण चांगली इच्छा आपल्याकडे कायद्यात शिरली की तिचं काय होतं ते मी पाहिलंय.

१९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा घ्या. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी, त्यापुढे २०० मीटर परवानगीनं. ज्याचं घर त्या वर्तुळात आलं त्याला विचारा, शौचालय बांधायला किती कागद लागतात. १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. कागदावर यात वाईट काहीच नाही. पण पाड्यावरच्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की काही सापडलं तर साहेब येतील, पंचनामा होईल, जमीन अडकेल. मग तो काय करतो? नांगराला लागलेला दगड परत पुरतो. तुम्ही पाहणी सक्तीची केलीत की हे भय गावभर पसरेल. आज निदान एखादा शिक्षक एखादं खापर उचलून कपाटात ठेवतो. उद्या तोही ठेवणार नाही.

आणि डहाणूला तर पाहणीचा अनुभव जुना आहे. २० जून १९९१ ला हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं तिथं पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दोन दशकांहून अधिक काळ त्याचे अध्यक्ष होते. त्या प्राधिकरणानं १९९८ मध्ये वाढवणचं बंदर नाकारलं, आणि ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणानं नव्या वाढवण बंदराला ना हरकत दिली. निर्णय बरोबर की चूक ते सोडा. मला दिसतं ते हे, की पाहणीची चाळणी मोठ्या प्रकल्पाला अखेरीस अडवत नाही. लहान कामाला मात्र अडवते, कारण लहान कामाच्या मागे वकील नसतो.

आग्रही : तुमचं भय खरं आहे, आणि मी मागतोय त्यात हे भय वाढू नये याची काळजी मलाच घ्यावी लागेल. पण तुम्ही जे कायदे सांगितले ते सगळे वस्तूचे किंवा स्मारकाचे आहेत. संरक्षित असेल तर वर्तुळ, मौल्यवान असेल तर पंचनामा. ज्याला अजून नाव नाही, किंमत नाही, ज्याची कुठल्या यादीत नोंद नाही, त्या जागेबद्दल आपला कायदा काहीच विचारत नाही. २००६ ची पर्यावरण परिणामांची अधिसूचना राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांना लागते, गावरस्त्यावरच्या पुलाला नाही. म्हणून आपल्याकडे दोनच अवस्था आहेत. एक तर स्मारक, नाहीतर मुरूम. मधलं काही नाही.

बाहेर हे मधलं त्यांनी कसं बसवलं ते पाहण्याजोगं आहे. अमेरिकेत १९६६ च्या ऐतिहासिक वारशाच्या कायद्यातलं १०६ वं कलम सांगतं, की केंद्राचा पैसा किंवा परवाना लागत असेल तर कामाचा वारशावर काय परिणाम होईल याचा आधी विचार करा. ते काही वाचवायची सक्ती करत नाही, विचाराची करते. तिथं साध्या गावरस्त्यावरचा पूल बदलतानाही, केंद्राचा निधी असला तर, ही पाहणी होते. इंग्लंडनं १९९० मध्ये नियोजनाच्या सूचनांत घातलं, की परवानगीच्या आधी जमिनीखाली काय आहे ते पाहा, आणि ते बांधणाऱ्यानं पाहा. त्यानंतर तिथल्या खेड्यापाड्यांचा इतिहास कितीतरी बदलला, कारण बहुतेक शोध विद्यापीठांच्या मोहिमांतून येण्याऐवजी अशा रस्त्यांच्या, घरांच्या कामांतून आले. जागतिक बँकेच्या पैशावरच्या कामांत आपल्याकडेही करारात अट असते, खणताना जुनं काही निघालं तर थांबा आणि कळवा.

साशंक : ती अट मी करारात वाचली आहे. पण ओळखायचं कुणी? पोकलेन चालवणारा मुलगा रात्रपाळीत, दिव्याच्या उजेडात, खापर आणि कौल यांत फरक करणार? सापडल्यावर कळवा, या अटीचा अर्थ व्यवहारात एवढाच, की काही सापडलं नाही. आणि तुम्ही सांगितलेल्या देशांकडे या कामाला माणसं आहेत. आमच्याकडे राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आहे, पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, पण प्रत्येक फरशी पुलाला अधिकारी पाठवणं त्यांना झेपणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आग्रही : म्हणून तर सापडल्यानंतरचं मी मागतच नाही, आधीचं मागतो. आणि अधिकारीही मागत नाही. तुम्ही पुलाच्या आधी मातीचे बोअर घेता, पोहोचरस्त्याच्या जागी खड्डे काढून मुरूम किती खाली ते बघता. ते खड्डे तुमच्याच अंदाजपत्रकात आहेत. त्या दिवशी खड्ड्याच्या कडेला एक शिकलेला माणूस उभा राहू दे. डेक्कन कॉलेजचा विद्यार्थी असेल, नाहीतर खापर ओळखायला शिकवलेला इथलाच पदवीधर. पिकं निघाल्यावर शेतं उघडी असतात, तेव्हा दोन्ही काठ चालून काढायला दोन दिवस लागतात. मुरमाची जागा, वळणरस्ता, मजुरांचा तळ, हे सगळं त्या चालण्यात येईल. काही दिसलं तर मुरमाची खाण दोनशे पावलं सरकवा. बहुतेक वेळा सरकवणंच पुरेसं असतं. आणि हे सगळं निविदेच्या आदल्या वर्षी, कागद फिरत असतात तेव्हा, म्हणजे तुमच्या हंगामातला एक दिवसही जात नाही.

साशंक : आणि जुना पूल?

आग्रही : त्याचं विचारलंत, बरं झालं. मी तो राखा म्हणत नाही.

साशंक : नाही, थांबा, ते मीच सांगतो. कोकणातच, बऱ्याच वर्षांपूर्वी, एक जुनी दगडी मोरी मी स्वतः काढली. दोन कमानी होत्या. पोकलेनच्या पहिल्या धक्क्यात पडेल असं वाटलं होतं, पण तिनं दुपार घेतली. घडीव दगड, चुन्याचा सांधा, सांध्यात सुरी जाईना. एका दगडावर पाथरवटाची खूण होती, बाणासारखी. मी ती बोटानं पुसून पाहिली. दुसऱ्या दिवशी ते दगड काठाच्या संरक्षणाला टाकले गेले. त्या कामाची मोजमाप वही आहे, तिच्यात किती घनमीटर काढले एवढं लिहिलंय. कमानींची उंची नाही, खूण नाही, फोटो नाही. नवा पूल उत्तम चालतो आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ती मोरी कशी होती हे मी सोडून आता कुणाला माहीत नाही, आणि मला तिचं मापही आठवत नाही. तेव्हा पाडण्याआधी एक दिवस मोजा, चित्र काढा, चुन्याचा तुकडा जपून ठेवा, एवढं असेल तर माझा विरोध नाही. तो दिवस मी तेव्हाच द्यायला हवा होता.

आग्रही : तो दिवस हीच पाहणी.

साशंक : तेवढ्यानं तुम्ही जिंकला नाहीत. माझी खरी अडचण अजून मांडलीच नाही. आपण इतका वेळ राष्ट्रकूट, अरब, पारशी, इंग्रज यांबद्दल बोललो. ज्यांचा तो उतार आहे त्यांचं नावही घेतलं नाही. डहाणू आणि तलासरी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले तालुके. इथं राहतात ते वारली, आणि त्यांच्या शेजारी कोकणा, धोडी, दुबळा, काथोडी. त्यांचा वारसा तांब्यावर कोरलेला नाही. शिवेवरचा वाघोबा आहे, शेंदूर लावलेला, वाघ-चंद्र-सूर्य कोरलेला दगड किंवा लाकूड. गावदेव आहे, एखादं झाड आहे. गंजाडच्या कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पण वारली चित्रं मुळात लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढायची होती, टिकवण्यासाठी नव्हेच. आणि आठवण म्हणाल तर वेठीची आहे. १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांबरोबर हे लोक वेठबिगारीविरुद्ध उठले, १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. खापर ओळखायला शिकलेला तुमचा माणूस यातलं काय टिपणार? त्याच्या वहीत वाघोबा ‘अलीकडचा’ म्हणून सुटेल, आणि दहाव्या शतकाचं खापर पिशवीत बसून पुण्याला जाईल. पाड्याच्या हाती काय राहिलं?

आग्रही : इथं मी बदलायला तयार आहे, किंबहुना तुम्ही बोलत असताना बदलतच होतो. मग पाहणीची सुरुवात ग्रामसभेत करू. १९९६ च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या, कायद्याचं चौथं कलम ग्रामसभेला आपल्या परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनं जपायला सक्षम मानतं. मुरूम हे गौण खनिज, त्याचा परवाना देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस त्याच कायद्यात आहे. म्हणजे माझ्या मागणीची जागा नवी शोधायला नको, ती कायद्यात तयार आहे, फक्त वापरात नाही. नकाशा ग्रामसभेपुढे पसरायचा, पुलाचा, पोहोचरस्त्याचा आणि मुरमाच्या खाणीचाही. मग म्हातारी माणसं, भगत, बाया यांच्याबरोबर काठ चालायचा. वाघोबा कुठं, जुना उतार कुठं, मेलेल्याचं काय कुठं करतात, हे ते सांगतील. खापर शोधणाऱ्यानं त्यांच्या मागून चालायचं.

साशंक : आणि ग्रामसभा म्हणाली, वाघोबाला आम्ही नारळ फोडून, भगताकरवी विचारून, पलीकडे नेतो, तुम्ही पूल बांधा, तर?

आग्रही : तर न्यावा. देव त्यांचा आहे. मूळ जागेची नोंद करू द्या, एवढंच मी विनवीन.

साशंक : आणि तीच ग्रामसभा म्हणाली, त्या टेकाडावर खापरं आहेत ती असू देत, मुरूम तिथलाच घ्या, लांबून आणला तर काम रखडेल, तर?

आग्रही : (बराच वेळ थांबून) तर मला मान्य होणार नाही.

साशंक : बघा. वाघोबाच्या वेळी गाव मालक, खापराच्या वेळी तुम्ही.

आग्रही : हो, आणि ही विसंगती मी लपवत नाही. वाघोबाला हलवलं तरी तो वाघोबा राहतो, कारण त्याला मानणारी माणसं त्याच्याबरोबर जातात. टेकाड एकदा खणलं की पुन्हा कुणालाच वाचता येत नाही, त्या गावालाही नाही. आणि त्या टेकाडावर कोण राहत होतं हे आपल्याला माहीत नाही. तांब्याच्या पटात राजा आहे, अधिकारी आहे, मठिका आहे. नाव वल्हवणारे त्यात नाहीत. ते कोण होते? आजच्या पाड्यावरच्या माणसांचे पूर्वज असण्याची शक्यता आहेच की. ज्यांना कुणी कुठे लिहिलं नाही त्यांचा इतिहास खापरात, चुलीच्या राखेत, जळक्या दाण्यातच उरतो. म्हणजे ज्या खापराला मी गावाविरुद्ध धरून बसलोय, ते कदाचित त्या गावाचंच एकमेव लिखाण आहे. ते मी त्यांना आज पटवू शकत नाही, कारण अजून वाचलेलंच नाही. आणि वाचायच्या आधी ते गेलं तर कधीच पटवू शकणार नाही.

साशंक : ज्याचा पुरावा अजून मिळालेला नाही, त्याच्या नावानं जिवंत माणसाला थांबवायचा अधिकार तुम्ही मागताय. मी तो देणार नाही. पण ज्या पाहणीला थांबवायचा अधिकारच नाही, ती म्हणजे पाडण्याआधी काढलेला फोटो, हेही मला दिसतंय. माझ्या मोरीला मी तेवढंसुद्धा दिलं नव्हतं. थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला असावा, हे कायद्याशी जुळतं. पण ग्रामसभेला त्या क्षणी खरं काय माहीत असेल, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

आग्रही : तो सुटायचा असेल तर पाहणी करणारा गावातलाच हवा, आणि जे मिळेल ते गावात राहायला हवं. शाळेच्या कपाटात का होईना, नोंदीसकट. दहा वर्षं असं चाललं तर ग्रामसभेला टेकाडाबद्दल मला आहे त्यापेक्षा जास्त माहिती असेल. मग तिनं मुरूम घ्या म्हटलं, तर मी गप्प बसेन.

साशंक : आणि या दहा वर्षांत जे पूल बांधायचे त्यांचं काय?

आग्रही : त्यांचं उत्तर माझ्याजवळ नाही. बाईला थांबवायचं नाही, आणि टेकाड घालवायचं नाही, या दोन्हींच्या मधे मुरमाची खाण दोनशे पावलं सरकवणं एवढंच आज माझ्या हातात आहे. काही ठिकाणी सरकवायला जागा नसेल.

साशंक : सरकवण्याचं मी लिहून देतो. मुरमाची जागा, वळणरस्ता आणि मजुरांचा तळ निविदेच्या नकाशावर दाखवायचा, तो नकाशा आधी ग्रामसभेत वाचायचा, आणि जुना पूल पाडण्याआधी एक दिवस मोजायचा. याला वेगळी मंजुरी लागत नाही, वेगळं खातं लागत नाही. ज्यांच्या गावचा फरशी पूल यंदाच्या यादीत आहे, त्यांनी हा नकाशा आताच मागावा, दिवाळीनंतर मागू नये. दिवाळीनंतर पोकलेन आलेला असतो.